रात्री दोन वाजता प्रिंटरने आपलं आपणच पान छापलं. प्रिंट सर्व्हर कुठून तपासायला घेऊ?

टोनरचे_डाग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

ऑफिसात साधारण ४० प्रिंटर, त्यातले निम्मे कॉपी-स्कॅन-प्रिंट एकत्र असलेली मोठी धुडं. सगळे एका विंडोज सर्व्हरवरच्या क्यूंमधून (छापायच्या कामांच्या रांगांमधून) चालतात. त्याच सर्व्हरवर एक प्रिंट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर आहे: कोणी किती पानं छापली त्याचा हिशोब, कार्ड टेकवलं की प्रिंट बाहेर, वगैरे. शिवाय डिझाइनवाल्यांसाठी एक लिनक्स मशीन, त्यावर कप्स (लिनक्सची प्रिंटिंग व्यवस्था). मी मुळात स्विच आणि राउटरचा माणूस. गेल्या महिन्यात "तेवढं प्रिंटरचंही बघत जा" एवढ्या एका वाक्यात हे सगळं माझ्या गळ्यात पडलं.

सोमवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या ट्रेमध्ये ९ पानं. बहुतेकांवर डाव्या कोपऱ्यात दोन-तीन ओळी आणि बाकी पान कोरं. पहिली ओळ "गेट / एचटीटीपी/१.१", खाली "होस्ट" आणि पुढे आमच्याच नेटवर्कमधला एक आयपी. दोन पानांवर नुसतीच चित्रविचित्र चिन्हं. प्रिंटरच्या जॉब लॉगमध्ये वेळ रात्री २:१०, वापरणाऱ्याच्या नावाच्या जागी काहीच नाही. अकाउंट्समधल्या मॅडमनी पानं माझ्या टेबलावर आणून ठेवली, वर चिठ्ठी: "हे तुमचं का?"

व्हायरस आहे का? तो होस्टचा आयपी शोधून ते मशीन बंद करू का? आणि हा सर्व्हर आता ताब्यात आलाच आहे तर त्याची सुरक्षा नीट कशी करायची? जाणकारांनी प्रकाश टाकावा.


कोपऱ्यातला_रॅक

मशीन बंद करायला धावू नका, कारण होस्टपुढचा तो आयपी प्रिंटरचाच असणार. वेब ब्राउझर किंवा नेटवर्क तपासणारा स्कॅनर "मला अमक्या पत्त्याशी बोलायचंय" असं त्या ओळीत सांगतो, स्वतःचा पत्ता तिथे लिहीत नाही. पान पुन्हा बघा.

झालंय असं. प्रिंटरचं ९१०० पोर्ट म्हणजे उघडी मोरी, जे ओताल ते थेट कागदावर. ओळख विचारत नाही, पासवर्ड मागत नाही. कोणीतरी पोर्ट स्कॅन करताना "इथे वेब सर्व्हर आहे का रे?" असं विचारलं आणि बिचाऱ्या प्रिंटरने तो प्रश्नच छापून दिला. विचित्र चिन्हांची पानं म्हणजे बहुधा टीएलएसचा (सांकेतिक, सुरक्षित जोडणीचा) पहिला निरोप. हा त्रास इतका जुना आहे की एनमॅप या स्कॅनरमध्ये सेवा ओळखण्याच्या तपासणीतून ९१०० ते ९१०७ ही पोर्टं मुळातच वगळलेली असतात. बाकीचे स्कॅनर इतके सभ्य असतीलच असं नाही.

पानावर "यूजर-एजंट" अशी ओळ असेल तर ती इथे द्या. स्कॅनरचं नाव बऱ्याचदा तिथे सापडतं. नसेल तर २:१० च्या आसपास ९१०० वर कोण गेलं ते फायरवॉलच्या लॉगमध्ये बघा.


निवांत

एवढं काय त्यात. प्रिंटर आतल्या नेटवर्कमध्ये आहे ना? बाहेरून कोणी येत नाही. प्रिंटर हॅक करून कोणाला काय मिळणार, फार तर टोनर संपवेल. पॅचबिच मारायला गेलात तर चालू असलेलं बंद पडेल आणि मग सगळं ऑफिस तुमच्या दारात. स्वानुभव.


पानगळ

वाचतेय. आमच्याकडेही अशी पानं येतात आणि सगळे त्यांच्या मागच्या बाजूवर कच्चं लिहितात. :)


जुनाजाणता

निवांतराव, शेवटच्या वाक्याशी सहमत, आधीच्या सगळ्याशी असहमत. प्रिंटर आणि प्रिंट सर्व्हर यांत तुम्ही गल्लत करताय. प्रिंटरचे फार तर टोनर जाईल हे घटकाभर मान्य करू. सर्व्हरचे काय?

विंडोजचा प्रिंट स्पूलर, म्हणजे छापायची कामे घेऊन प्रिंटरकडे पोचवणारी सेवा, चालतो सिस्टिम अकाउंटखाली, म्हणजे त्या मशीनवरच्या सर्वोच्च अधिकाराने. त्याच वेळी तो ऑफिसातल्या प्रत्येकाकडून काम स्वीकारतो, कालच रुजू झालेल्या प्रशिक्षणार्थीकडूनही. शिवाय दुसऱ्यांनी लिहिलेले ड्रायव्हर आपल्या पोटात चालवतो. ज्याच्याकडे तिजोरीची किल्ली आहे त्यालाच दारावर सगळ्यांची पार्सले घ्यायला बसवण्यातला प्रकार. २०१० साली स्टक्सनेटने एका मशीनवरून दुसऱ्यावर जायला ज्या वाटा वापरल्या त्यांतली एक याच स्पूलरमधली होती.

मग २०२१. ८ जूनच्या पॅचमध्ये मायक्रोसॉफ्टने स्पूलरचे एक भोक बुजवले. तेच भोक समजून काही संशोधकांनी महिनाअखेरीस आपला हल्ल्याचा नमुना प्रसिद्ध केला आणि लक्षात आले की तो पॅच मारलेल्या सर्व्हरवरही चालतोय! तेच ते प्रिंटनाइटमेअर, त्रुटींच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०२१-३४५२७. डोमेनमधला (ऑफिसच्या सामाईक लॉगिन व्यवस्थेतला) कोणताही साधा वापरकर्ता स्पूलरला म्हणू शकत होता, "हा घे नवा ड्रायव्हर", आणि ड्रायव्हरच्या नावाखाली आपली डीएलएल (प्रोग्रामची फाइल) सिस्टिमच्या अधिकाराने चालवू शकत होता. ६ जुलैला मायक्रोसॉफ्टला वेळापत्रक मोडून पॅच काढावा लागला. १० ऑगस्टपासून मूळ वर्तनच बदलले: प्रिंटर ड्रायव्हर टाकायला अॅडमिनचा अधिकार लागू लागला.

आणि इथेच खरी गोम आहे. त्या ऑगस्टनंतर हेल्पडेस्कवर फोनांचा पाऊस पडला, "प्रिंटर जोडताना अॅडमिनचा पासवर्ड मागतोय". कित्येक ठिकाणी लोकांनी रजिस्ट्रीतली ती सक्तीच शून्य करून टाकली. तात्पुरती म्हणून. टोनरभाऊ, तुमच्या सर्व्हरवर आणि ग्रुप पॉलिसीत (सगळ्या मशीनांना एकदम लागू होणाऱ्या नियमांत) आधी हे बघा: ड्रायव्हर टाकण्याचा अधिकार फक्त अॅडमिनला देणारी व्हॅल्यू आणि "पॉइंट अँड प्रिंट"ची (सर्व्हरवरून ड्रायव्हर आपोआप घेण्याच्या सोयीची) बंधने कोणी सैल केली आहेत का. पॅच लागलेला दिसतो आणि दार मात्र सताड उघडे.


टोनरचे_डाग

रॅकभाऊ, बरोबर. होस्टपुढचा आयपी प्रिंटरचाच निघाला. मी उगाच स्विचवर तो पत्ता शोधत बसलो होतो. यूजर-एजंटची ओळ दोन पानांवर आहे, उद्या सिक्युरिटीच्या लोकांना दाखवतो.

जुनाजाणता, रजिस्ट्री बघितली. ती व्हॅल्यू शून्य आहे. :( शेजारीच आणखी एक शून्य दिसतंय, आरपीसीच्या प्रायव्हसी लेव्हलबद्दल काहीतरी. ते काय?


जुनाजाणता

हाहा, ओळखीचा ठसा आहे हा. ०एक्स०००००११बी हा एरर आठवतोय का कोणाला? जानेवारी २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रिंटिंगच्या आरपीसी (दुसऱ्या मशीनकडून नेटवर्कवरून काम करवून घेण्याच्या) संवादातली एक त्रुटी दुरुस्त केली आणि त्याची सक्ती सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून लागू केली. पॅच क्लायंट आणि सर्व्हर यांतल्या एकावरच असेल तर जोडणी तुटायची आणि हा आकडा दिसायचा. त्या आठवड्यात जिकडेतिकडे एकच उपाय फिरत होता: सर्व्हरवर ही व्हॅल्यू शून्य करा. प्रिंट लगेच सुरू. इतक्या वर्षांनीही ते शून्य तसेच आहे, कारण ते करणाऱ्यालाही आता आठवत नसेल.

एक करा. आधी सगळे क्लायंट आजच्या पॅचवर आहेत ना ते बघा, मग एका संध्याकाळी दोन्ही शून्ये हलवून १ करा. ड्रायव्हर आधीच ग्रुप पॉलिसीने किंवा डिप्लॉयमेंटने पोचवून ठेवा, म्हणजे सकाळी फोन येणार नाहीत. आले तरी मोजके येतील.


विसोबा

+१. माझी भर: डोमेन कंट्रोलरवरचा (सगळ्यांची लॉगिनं तपासणाऱ्या सर्व्हरवरचा) स्पूलर. प्रिंट सर्व्हर सोडून बाकी कोणत्याही सर्व्हरवर तो कशाला हवा? पण विंडोजच्या बहुतेक सर्व्हरवर तो मुळातच चालू असतो. २०१८ मध्ये "प्रिंटर बग" नावाने एक युक्ती जाहीर झाली: दूरच्या स्पूलरला सांगायचं, "तुझ्याकडे काही बदल झाला की मला या पत्त्यावर कळव". तो इमानेइतबारे त्या पत्त्यावर जातो आणि तिथे सर्व्हरच्या मशीन अकाउंटने स्वतःची ओळख देतो. डोमेन कंट्रोलरची ओळख भलत्याच्या हाती पडली तर पुढचं सांगायला नको.

बंद करताना एक बारीक गोष्ट. डोमेन कंट्रोलरचा स्पूलर अॅक्टिव्ह डिरेक्टरीतल्या (डोमेनच्या नोंदवहीतल्या) मेलेल्या प्रिंटरांच्या नोंदी झाडतो. तो बंद केल्यावर ती झाडलोट थांबते, शोधताना जुने प्रिंटर दिसत राहतात. वर्षातून एकदा हाताने साफ करा. त्यासाठी स्पूलर चालू ठेवण्यात अर्थ नाही.


शाईपेन

प्रिंटरकडून कोणाला काय मिळणार, या प्रश्नाला माझ्याकडून एक किस्सा. पूर्वीच्या एका नोकरीतला, नावं कोणाचीच सांगत नाही.

मोठ्या मशीनवर "स्कॅन करून ई-मेल" करताना लोकांची नावं टाइप केली की पत्ता सुचवला जातो ना, त्यासाठी मशीन एलडॅप या पद्धतीने डिरेक्टरीला विचारतं. विचारायला त्याला एक अकाउंट लागतं. तर मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरला त्या दिवशी हाताशी असलेलं अकाउंट दिलं गेलं. डोमेन अॅडमिनचं. काम झालं, सही झाली, सगळे घरी.

दोन वर्षांनी एका चाचणीवाल्या टीमला आम्ही बोलावलं. त्यांच्यातली मुलगी त्या मशीनच्या वेब पॅनलवर गेली. पॅनलचा पासवर्ड फॅक्टरीतून आला तोच होता. तिने साठवलेला एलडॅपचा पासवर्ड वाचायचा प्रयत्नही केला नाही, तिथे नुसते ठिपके दिसतात. तिने फक्त एलडॅप सर्व्हरचा पत्ता बदलून स्वतःच्या लॅपटॉपचा टाकला आणि "कनेक्शन तपासा" हे बटण दाबलं. मशीनने डोमेन अॅडमिनचा पासवर्ड साध्या अक्षरांत तिच्या लॅपटॉपवर नेऊन दिला. मी शेजारी उभी होते. पुरती २ मिनिटंही लागली नसतील.

याला पास-बॅक म्हणतात. स्कॅन ज्या फोल्डरमध्ये जातो त्या अकाउंटचंही हेच. म्हणून: मशीनला दिलेलं अकाउंट फक्त वाचू शकेल असं, त्याला कुठेही लॉगिनचा अधिकार नाही, एलडॅप टीएलएसवरून आणि सर्टिफिकेट तपासून. पॅनलचा पासवर्ड पहिल्या दिवशी बदललेला. जून २०२५ मध्ये ब्रदरच्या ६८९ मॉडेलांबद्दल जे बाहेर आलं ते आठवतं ना? मूळ पासवर्ड सीरियल नंबरवरून काढता येतो आणि सीरियल नंबर प्रिंटर लॉगिनशिवाय सांगून टाकतो. आधीच बनून गेलेल्या मशीनांवर फर्मवेअरनेही ते पूर्ण सुटत नाही. उपाय एकच, पासवर्ड बदला.


निवांत

२ मिनिटं?! बरं, माझा पहिला प्रतिसाद अर्धा मागे घेतो. अर्धाच. :)


टोनरचे_डाग

शाईपेनताई, वाचून पोटात गोळा आला. आत्ताच मशीनांची यादी करायला घेतली. पहिल्या ११ पैकी ८ वर मूळ पासवर्ड. एलडॅपचं अकाउंट साधंच आहे, नशीब.

पण खरी बातमी वेगळी आहे. ती पानं आमच्याच सिक्युरिटी टीमच्या स्कॅनरने छापली. दर सोमवारी पहाटे चालतो, आमचा प्रिंटरांचा भाग त्यांनी नुकताच जोडला. चोर नाही, गस्तवाला निघाला. मी हसतच त्यांना म्हटलं, रिपोर्ट तरी दाखवा. प्रिंट सर्व्हरच्या नावापुढे लाल ओळ: प्रिंट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरचं अॅडमिन पॅनल सगळ्या नेटवर्कवरून उघडं, आवृत्ती जुनी, तातडीने बदला. गेले ३ महिने दर सोमवारी तीच ओळ.

रिपोर्ट जात होता सर्व्हरच्या मालकाच्या मेलवर. मालकाच्या रकान्यात ज्यांचं नाव आहे ते गेल्या वर्षीच नोकरी सोडून गेलेत. मेलबॉक्स मात्र चालू. मी विचारलं, आता मालक कोण? नेटवर्कवाले म्हणतात सर्व्हरवाल्यांचा, सर्व्हरवाले म्हणतात हेल्पडेस्कचा, हेल्पडेस्क म्हणतं मशीन भाड्याने देणाऱ्या कंपनीचा. कंपनीचा माणूस म्हणाला आम्ही फक्त टोनर आणि रोलर बघतो.


कोपऱ्यातला_रॅक

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. प्रत्येक ठिकाणी प्रिंट सर्व्हर हा असाच असतो हो. मेल सर्व्हर बंद पडला की साहेबांचा फोन येतो, म्हणून त्याला मालक असतो. प्रिंटर अडला की लोक शेजारच्या प्रिंटरवर जातात.

ते पॅनल आजच्या आज बंद करा. पॅचची वाट बघू नका, आधी फायरवॉलवर त्या पोर्टला फक्त तुमच्या अॅडमिन मशीनांपुरती वाट ठेवा. पेपरकट या प्रिंट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरचं २०२३ आठवा. सीव्हीई-२०२३-२७३५०, गंभीरता १० पैकी ९.८. सॉफ्टवेअर बसवून झाल्यावर "सेटअप पूर्ण झाला" असं सांगणारं जे पान येतं, ते नंतरही पत्ता टाकला की उघडायचं आणि उघडणाऱ्याला पासवर्ड न विचारता अॅडमिन म्हणून आत घ्यायचं. आत गेल्यावर प्रिंटरसाठी स्क्रिप्ट लिहायची सोय सॉफ्टवेअरनेच दिलेली, ती सर्व्हरवर वाटेल ते चालवू शकायची. मार्चमध्ये दुरुस्त आवृत्त्या आल्या, एप्रिलमध्ये हल्ले सुरू झाले. म्हणजे महिनाभर औषध घरात होतं आणि कोणी घेतलं नाही. क्लॉप आणि लॉकबिट या खंडणीवाल्या टोळ्यांनीही ही वाट वापरली.

आणि त्यातलं शिकण्यासारखं: आत शिरलेल्यांनी पहिलं काम काय केलं, तर सर्व्हरवरून पॉवरशेलने (विंडोजच्या कमांड चालवायच्या साधनाने) बाहेरच्या इंटरनेटवर जाऊन रिमोट मॅनेजमेंटची सॉफ्टवेअरं उतरवून घेतली. प्रिंट सर्व्हरला इंटरनेट कशाला लागतं? अपडेटच्या ठरावीक पत्त्यांपलीकडे बाहेर जायची वाटच नसती तर कित्येकांची गाडी तिथेच अडली असती.


टोनरचे_डाग

आमचं सॉफ्टवेअर ते नाही, दुसरं आहे. पण रोग तोच. पॅनल ७ वाजता बंद केलं, आता फक्त दोन मशीनांवरून उघडतं. सेवा सिस्टिम अकाउंटखाली चालत होती, ती वेगळ्या कमी अधिकाराच्या अकाउंटवर नेता येते असं त्यांच्या माहितीपुस्तिकेत आहे. आवृत्ती बदलायला शनिवार मागितलाय.


पानगळ

लिनक्सचा विषय राहतोय म्हणून मध्ये पडते, माझं रोजचं काम त्यावरच.

डिझाइनवाल्यांच्या त्या मशीनवर "कप्स-ब्राउज्ड" चालू आहे का बघा. नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप शोधून क्यू बनवणारी ती सेवा. २६ सप्टेंबर २०२४ ला सिमोने मार्गारितेल्ली यांनी त्यातली भानगड उघड केली. ही सेवा यूडीपी ६३१ वर ऐकत बसायची आणि कोणीही एक पॅकेट पाठवून "इथे एक छान प्रिंटर आहे" म्हटलं की विश्वास ठेवायची. मग ती त्या पत्त्यावर जाऊन प्रिंटरची माहिती आणणार. माहितीत घुसडलेल्या ओळी न तपासता पीपीडी (प्रिंटरचं वर्णन असलेल्या) फाइलीत उतरणार. त्या ओळींत फूमॅटिक फिल्टरला (छापण्याआधी फाइल बदलून देणाऱ्या प्रोग्रामला) द्यायची कमांड असेल तर कोणीतरी त्या क्यूवर प्रिंट दिल्यावर ती चालणार. चार वेगवेगळ्या त्रुटींची साखळी होती ती, एकटीने फार काही झालं नसतं. रूट (लिनक्सवरचा सर्वाधिकार) मिळत नाही, एलपी या प्रिंटिंगच्या वापरकर्त्याचे अधिकार मिळतात. तरी परक्याची कमांड ती परक्याचीच.

सर्व्हरवर क्यू आपण हाताने बनवतो, मग शोधणारी सेवा हवीच कशाला? बंद करून काढून टाका. पॅच करून चालू ठेवणं हा माझ्या मते चुकीचा आळस. कप्सचं वेब पॅनल फक्त लोकलहोस्टवर ऐकू द्या, दूरून अॅडमिन बंद, कामं टीएलएसवरून.

आणि एक गोष्ट जी कोणीच बघत नाही. छापून झालेली फाइल लगेच जात नाही. कप्समध्ये मूळ सेटिंग ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस ती स्पूल फोल्डरमध्ये पडून असते. रूट ज्याच्या हातात, त्याला कालचे सगळे कागद हातात. पगारपत्रकं छापणारी क्यू असेल तर ती मुदत शून्यावर आणा. विंडोजवरही क्यूच्या गुणधर्मांत "छापलेली कागदपत्रं ठेवा" अशी खूण असते, ती कोणी लावून ठेवली आहे का बघा. आणि स्पूल फोल्डर बॅकअपमधून वगळलंय का तेही.


टोनरचे_डाग

पगाराच्या क्यूवर ती खूण होती. फोल्डरमध्ये १४ महिन्यांच्या एसपीएल फाइली, म्हणजे छापलेल्या कागदांच्या प्रती. मी एकही उघडली नाही, एचआरच्या मॅडमना शेजारी बसवून त्यांच्यासमोर पुसल्या. त्या बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत.


लांबचा_प्रवासी

एक मूलभूत प्रश्न. हा सगळा खटाटोप सर्व्हर आहे म्हणून. सर्व्हरच काढून टाका ना! प्रत्येक मशीनवरून थेट प्रिंटरच्या आयपीवर छापा. आमच्या छोट्या ऑफिसात तसंच आहे, स्पूलर बाहेरच्यांचं काही ऐकतच नाही.


विसोबा

५ प्रिंटर असतील तर मीही हेच सांगेन. ४० ला नाही. थेट छापायचं तर प्रत्येक लॅपटॉपला प्रत्येक प्रिंटरचं ९१०० किंवा ६३१ उघडं ठेवावं लागेल. म्हणजे धाग्याच्या पहिल्या प्रतिसादातली मोरी सगळ्यांसाठी कायमची उघडी. कार्ड टेकवून प्रिंट घेणं गेलं, कागद ट्रेमध्ये उघड्यावर पडणार.

उलट करावं. प्रिंटर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात). त्यांच्याशी बोलायची परवानगी फक्त प्रिंट सर्व्हरला. लोकांनी बोलायचं ते सर्व्हरशी. सर्व्हर हाच एक दरवाजा आणि त्यालाच चांगलं कुलूप. प्रिंटरकडून इतर मशीनांकडे जाणारी वाट बंद, अपवाद फक्त स्कॅनसाठी लागणाऱ्या मेल आणि फाइल सर्व्हरचा.

लांबच्या पल्ल्यात तुमचं म्हणणं खरं होईल कदाचित. विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये "प्रोटेक्टेड प्रिंट मोड" आलाय, त्यात बाहेरच्या कंपन्यांचे ड्रायव्हर चालतच नाहीत, फक्त आयपीपी (प्रिंटिंगची सामाईक प्रमाणित पद्धत). पण जुनी मशीनं मोप्रिया प्रमाणित (त्या पद्धतीने चालण्याचा शिक्का असलेली) नसतात, आणि लेबल छापणाऱ्या यंत्रांचं तर विचारूच नका.


जुनाजाणता

विसोबांच्या नकाशाला अनुमोदन. पहारेकऱ्याचेही बघा. विंडोजचा प्रिंट सर्व्हिसचा "ऑपरेशनल" लॉग मुळात बंद असतो. तो चालू करा. नोंद क्रमांक ३०७ म्हणजे कागद छापला, ३१६ म्हणजे ड्रायव्हर टाकला किंवा बदलला. रात्री ३१६ दिसला आणि तुम्ही झोपलेले होतात, तर उठा. "अॅडमिन" लॉगमधला ८०८ म्हणजे स्पूलरला एखादा प्लगइन चढवता आला नाही, प्रिंटनाइटमेअरच्या फसलेल्या प्रयत्नात हाच दिसायचा. आणि स्पूलरच्या पोटातून कमांड प्रॉम्प्ट किंवा पॉवरशेल जन्माला आलेले दिसले तर चौकशी नंतर, आधी केबल काढा.


टोनरचे_डाग

शनिवार पार पडला. नवी आवृत्ती, नवं सर्व्हिस अकाउंट, दोन्ही शून्यांची १ झाली, व्हीलॅन वेगळा, डोमेन कंट्रोलरवरचे स्पूलर बंद. कप्स-ब्राउज्ड काढलं, डिझाइनवाल्यांना कळलंसुद्धा नाही. उत्साहाच्या भरात प्रिंटरांवरचं एसएनएमपीचं (प्रिंटरची स्थिती विचारायच्या पद्धतीचं) "पब्लिक" हे नावही बदलून टाकलं.

सोमवारी सकाळी सगळे ४० प्रिंटर ऑफलाइन! पिंग होतात, त्यांच्या पॅनलवर "तयार" लिहिलंय, सर्व्हर मात्र ऑफलाइन म्हणतोय. ९ वाजून २० मिनिटं झालीत, दारात रांग आहे. कोणी आहे का?


कोपऱ्यातला_रॅक

आहे. सर्व्हरवर प्रिंटरचे गुणधर्म, पोर्ट्स, कॉन्फिगर पोर्ट. खाली "एसएनएमपी स्टेटस" ची खूण आणि त्यापुढे "पब्लिक" लिहिलेलं दिसेल. विंडोज त्या नावाने प्रिंटरला हाक मारतंय, उत्तर येत नाही, म्हणून ऑफलाइन समजतंय. एकतर नवं नाव तिथे टाका किंवा खूण काढा. आत्ता खूण काढा, रांग घालवा. पोर्ट एकेक करत बसू नका, स्क्रिप्टने होतं.


निवांत

मी म्हटलं होतं. :)


टोनरचे_डाग

झालं! १० ला सगळं सुरू. रॅकभाऊ, दंडवत. निवांतराव, तुम्हालाही अर्धा.

तपासणी संपली असं वाटलं तोवर दुपारी अकाउंट्सच्या मॅडम परत आल्या, यावेळी चिठ्ठीशिवाय. "स्कॅन केलेलं मेलवर येत नाही." नव्या व्हीलॅनमधून मेल सर्व्हरकडे जायची वाट ठेवली होती, पण ते एक मशीन जुन्याच मेल सर्व्हरचं नाव धरून बसलं होतं, तो सर्व्हर बंद होऊनही बरेच दिवस झालेत. मग आजवर स्कॅन जात कसे होते? बघितलं तर कोणीतरी कधीतरी डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत) जुन्या नावाची नोंद नव्या मेल सर्व्हरकडे वळवून ठेवली होती, आणि प्रिंटरांच्या व्हीलॅनला मी दिलेला डीएनएस वेगळा आहे, त्यात ती नोंद नाही. मशीनवर खरं नाव टाकलं, टीएलएस चालू केलं, पहिला स्कॅन मिनिटाभरात पोचला.

लेबल छापणारी २ यंत्रं मात्र टीएलएस म्हटलं की गप्प बसतात. फर्मवेअरही शेवटचंच आहे.


विसोबा

त्यांना त्याच व्हीलॅनमध्ये आणखी आतल्या कोपऱ्यात ठेवा. एकट्या सर्व्हरकडून ९१०० उघडं, बाकी एफटीपी, टेलनेट, वेब सगळं यंत्रावरच बंद. आणि त्यांची वेगळी क्यू करा, पगारपत्रक चुकूनही तिकडे जाणार नाही अशी.


टोनरचे_डाग

करतो. सर्व्हरच्या नोंदीत मालकाच्या रकान्यात सध्या माझं आणि हेल्पडेस्कच्या एकाचं, अशी दोन नावं घातलीत. स्कॅनरचा रिपोर्ट आता दोघांनाही येतो. पुढच्या सोमवारचा आला की इथे टाकतो.


वाटाड्या२

उशिरा वाचला, सगळा धागा वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्याकडे आज सकाळी १३ पानं. "गेट /" असंच. यूजर-एजंटची ओळ नाहीये आणि आमच्याकडे स्कॅनर चालवणारी टीमही नाहीये.


कोपऱ्यातला_रॅक

मग तुमचा धागा वेगळा काढा, आणि आत्ता. प्रिंटरला पब्लिक आयपी आहे का किंवा राउटरवर ९१०० कोणी आत वळवलंय का, एवढं पाच मिनिटांत बघून सांगा. पानं जपून ठेवा.